छान, छान, पुढे बोल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा मान खाली घालून नमस्कार. (नमस्कार करताना मान खाली जातेच, त्यात विशेष काही नाही; पण या खेपेला ती नमस्काराच्या आधीपासून खाली आहे आणि नमस्कार झाल्यावरही वर यायचं नाव घेत नाही.) तुझी तब्येत कशी आहे? दाजींच्या कंबरेला आता आराम पडला असेल. जड पिशव्या उचलू नका म्हणावं, आणि हे ऐकून त्यांनी सगळ्याच पिशव्या तुझ्यावर टाकल्या तर मला कळव, मी वेगळं पत्र लिहीन. इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी सोडून. मागच्या पत्रात तू भिंगरीच्या फोटोबद्दल विचारलं होतंस, की पोरगी डोळे बारीक करून का बघते. त्यावर मी फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की काही नाही गं, लाजते. ते उत्तर मी परत घेतो. का घेतो, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. पण जरा आडवळणाने येऊ दे, सरळ यायचा धीर होत नाही.

आपलं दुकान तुला डोळे मिटूनही दिसेल. अण्णांच्या वेळची तीच अरुंद खोली, तीच पायाने दाबली की कुरकुरत वर जाणारी खुर्ची, समोर आरसा आणि खुर्चीच्या मागे अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाइकाने तक्ता आरशातून वाचायचा, कारण खोली अण्णांच्या वेळीही आखूड होती आणि नंतर काही वाढली नाही. तू डोळ्यांची डॉक्टर होऊन मोठ्या इस्पितळात गेलीस आणि मी इथे चष्मे करत राहिलो, याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट आतल्या आत थोडा ताठाच होता. लोक म्हणायचे (अजूनही म्हणतात, पण आता कानाला टोचतं) की तुमच्यासारखं शांतपणे कोणी तपासत नाही. आता बरं की मघाशी बरं, हे मी एकेका गिऱ्हाइकाला न कंटाळता कितीही वेळा विचारतो. तुला काय सांगायचं, आपल्या धंद्यात समोरच्याला काय दिसतं ते समोरचाच सांगणार. आपण फक्त भिंग बदलायचं आणि कान द्यायचा. अण्णांनी आपल्याला हेच तर शिकवलं. त्यांनी ते घरी कितपत पाळलं हा प्रश्न तू विचारू नकोस, मीही विचारत नाही, कारण उत्तर वारशाने आलेलं आहे.

तर भिंगरीची शाळा. हिच्या, म्हणजे भिंगरीच्या आईच्या, कामाच्या पाळ्या तुला माहीत आहेत. ऑपरेशनच्या खोलीत नर्सला फोन नेता येत नाही, म्हणून शाळेत पालक म्हणून माझा नंबर दिलेला. शाळेची एक जुनी अडचण अशी, की पालकसभेला पालक येत नाहीत. कोणी बस चालवतं, कोणी हॉटेलात रांधतं, कोणी दोन-दोन नोकऱ्या करतं. मागच्या सभेला वर्गातल्या बाई, मुख्याध्यापक आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे शिंपीकाका एवढेच होते. काकांचा नातू भिंगरीच्या वर्गात आहे खरा, पण काका आले होते ते शाळेचा पंखा चांगला आहे म्हणून. (हे त्यांनी स्वतः मला सांगितलं.) रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलून बाई कंटाळल्या असतील, त्यांनी डोकं लढवलं. पालक शाळेत येत नाहीत तर शाळेने पालकांकडे जावं. रोज संध्याकाळी त्या फोनवर एकच प्रश्न पाठवणार, आज वर्गात अमुक शिकवलं, मुलाला विचारा. पालकाने विचारायचं, मुलाने सांगायचं, आणि ती बोलाचाली फोनवर रेकॉर्ड करून बाईंना पाठवायची. गृहपाठ नाही, चुका काढायच्या नाहीत. बाईंनी समजावून सांगितलं होतं की मुद्दाम वेळ काढायला नको, हातातलं काम करता करता केलं तरी चालेल, फक्त कान मुलाकडे ठेवा. या सूचनेचा पहिला अर्धा भाग मी अगदी काटेकोरपणे पाळला.

भिंगरी शाळा सुटली की दुकानातच येते. काउंटरच्या मागे, फ्रेमांच्या कपाटाला टेकून तिचं स्टूल आहे. संध्याकाळी नेमकी गिऱ्हाइकांची वर्दळ. मी फोन काउंटरवर आडवा ठेवायचो, बटण दाबायचो, बाईंचा प्रश्न वाचून दाखवायचो आणि खुर्चीकडे वळायचो. ती बोलायची, मी इकडून हं म्हणायचो. मधेच अरे वा. मधेच छान, छान, पुढे बोल. ताई, या तीन गोष्टी एवढ्या ठरावीक अंतराने माझ्या तोंडून निघायच्या, की त्यासाठी मी जागेवर असण्याचीही गरज नव्हती. संपलं की शाबास म्हणून पाठवून द्यायचो. एक दिवस चुकवला नाही. ताप होता तेव्हाही पाठवलं, लाईट गेली होती तेव्हाही पाठवलं. बाकीचे पालक मधूनच कधीतरी पाठवायचे, काहींनी तर नुसता अंगठा पाठवून भागवलं. मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवायचो. आता त्यांतल्या एकेकाला रस्त्यात गाठून माफी मागावीशी वाटते, पण कशाबद्दल ते सांगावं लागेल.

व्हायचं तेच झालं. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, पुढच्या सभेत तुम्ही बोला. दिवसभर दुकान सांभाळूनही तुम्हाला जमतं, ते कसं ते तुमच्या तोंडून ऐकलं तर बाकीच्यांना धीर येईल. सभा सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेवली होती आणि मुलांनाही बोलावलं होतं, कारण मुलं हट्ट करून आई-बापांना ओढून आणतील हा बाईंचा हिशेब. तो बरोबर निघाला, वर्ग भरला. मी आरशासमोर भाषणाची तयारी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला. हिची नेमकी कामाची पाळी होती म्हणून ती येऊ शकली नाही, याचं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. (आता वाटत नाही.)

भाषणात मी काय काय म्हणालो ते लिहायला हात धजत नाही, पण तुझ्यापासून लपवून काय करू? मी म्हणालो की वेळ सगळ्यांकडे असतो, तो दिसायला नजर लागते. चष्मेवाल्याच्या तोंडी वाक्य शोभलं, टाळी पडली. टाळीने माणूस बिघडतो. मग मी माझ्या मुलीचं वर्णन सुरू केलं, रोजच्या या बोलण्यामुळे तिच्यात कसा फरक पडला त्याचं. पूर्वी एका जागी ठरत नव्हती, म्हणून माझ्या बहिणीने तिचं नाव भिंगरी ठेवलं. आता बघा, चेंडू खेळायचं आपणहून सोडलं आणि पुस्तकाकडे वळली. पुस्तकात तर अशी रमते की नाक पानाला टेकतं. टीव्ही लागला की उठून अगदी जवळ जाते, एवढं लक्ष. वर्गात तिने बाईंच्या मागे लागून पहिला बाक मागून घेतला. शेवटी मी म्हणालो, मुलांमध्ये गोडी उत्पन्न करावी लागते, मग ती आपोआप पुढे येतात.

ताई, तू हा परिच्छेद वाचता वाचता कपाळाला हात लावला असशील. तुझ्याकडे येणारी कोणीही आई एवढं बोलली असती तर तू तिला वाक्य पुरं करू न देता पोराला खुर्चीत बसवलं असतंस. मीही बसवलं असतं. दुसऱ्याचं पोर असतं तर.

मी मागे पालकांत जाऊन बसलो. बाई फार खुशीत होत्या. त्या म्हणाल्या, नुसतं सांगून कळणार नाही, आपण ऐकूच. मुख्याध्यापकांनी कुठूनसा मोठा स्पीकर आणवला होता, त्याला फोन जोडला, आणि बाईंनी मी अलीकडेच पाठवलेलं एक रेकॉर्डिंग लावलं. विषय होता पाण्याची वाफ. सुरुवात झकास झाली. भिंगरीने सांगितलं, ऊन पडलं की पाणी तापतं, त्याची वाफ होते, ती वर जाते. माझा आवाज आला, हं. पालक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मग स्पीकरमधून मी कोणाला तरी म्हणालो, हनुवटी थोडी वर घ्या. मधल्या रांगेतून शिंपीकाका उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं की तेव्हा खुर्चीत मीच होतो, तो पुढचा खोकला माझा. त्यांना फार आनंद झाला होता. ते बसेनात, त्यामुळे मागच्यांना दिसेना, आणि त्या गडबडीत पुढची वाक्यं एकदम कानावर आली.

भिंगरी सांगत होती, मग ती वाफ वर गेली आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी म्हणालो, अरे वा. वर्गात बसलेले खरे मुख्याध्यापक हसले. भिंगरी पुढे म्हणाली, मग आम्ही सगळ्यांनी उभं राहून तिला नमस्कार केला. हं, छान. मग बाईंनी खूश होऊन मला पाच हत्ती दिले. मी म्हणालो, जपून ठेव. आता अख्खा वर्ग खो खो हसत होता, मुलं तर बाक बडवत होती, आणि मीही हसत होतो. दुसरं काय करणार होतो? मला वाटलं, बापाची थोडी फजिती झाली, चालायचंच, घरोघरी होते. पोरगी किती मिश्कील आहे असंही मनात आलं. खरं सांगतो, तेव्हाही मला तिचा अभिमानच वाटत होता.

त्यानंतर नुसता भिंगं पेटीत ठेवल्याचा खटखट आवाज. मग भिंगरीचा आवाज, मघापेक्षा हळू: "बाबा, मला फळ्यावरचं दिसत नाही. मी शेजारणीच्या वहीत बघून लिहिते."

आणि माझा, लगेच: "छान, छान, पुढे बोल."

बाईंचा हात फोनकडे गेला, पण त्यांना बटण सापडेना. स्पीकर चालूच राहिला. भिंगरी म्हणाली, संपलं. मी म्हणालो, शाबास. आणि बटण दाबायच्या आधी मी खुर्चीकडे वळलो असेन, कारण त्यापुढचंही आत आलं होतं. मी शिंपीकाकांना सांगत होतो, एवढ्या गोड आवाजात की तो माझा आहे हे मलाच पटेना: "घाई करू नका काका. तुम्हाला काय दिसतं ते तुम्हीच मला सांगायचं. मी ऐकतोय."

वर्गात कोणी हसलं नाही. पंख्याचा आवाज येत होता. (पंखा खरंच चांगला आहे.) भिंगरी पहिल्या बाकावर पाठमोरी बसली होती आणि तिने मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, धरणीने मला पोटात घ्यावं. पण शाळेची फरशी पक्की असते. बाईंचे डोळे भरून आले. त्या उभ्या राहून सगळ्यांसमोर म्हणाल्या की चूक माझीही आहे. एवढ्या मुलांची रेकॉर्डिंगं, मी प्रत्येकाची नुसती सुरुवात ऐकते, आणि पहिला बाक मागितला तेव्हा मलाही ती अभ्यासाची हौसच वाटली. त्यांनी चूक वाटून घेतली तरी माझ्या वाट्याची काही कमी झाली नाही. मी काय बोललो ते आठवत नाही. आणि बोलून तरी काय, माझं भाषण आधीच झालेलं होतं.

आता तू विचारशील, की शहाण्या, घरात खुर्ची, तक्ता, भिंगं सगळं असताना पोरीचे डोळे कधी तपासले नाहीस का? तपासले ना. तेच तर. शाळेतून तपासणीचा कागद यायचा, मी तिला खुर्चीत बसवायचो, आणि ती आरशाकडे बघून वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवायची. मी सही करून द्यायचो. मला वाटायचं, डोळे बापावर गेलेत. ज्या दुकानात ती रांगली, ज्या तक्त्यावरून तिने अक्षरं ओळखायला घेतली, तो तक्ता तिला पाठ असणार हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. तुला आठवतं, तूही तोच तक्ता डोळे झाकून म्हणायचीस आणि अण्णा फसायचे? तू गंमत म्हणून फसवायचीस. ही फसवत नव्हती. तिला वाटत होतं की खुर्चीत बसलं की ते म्हणून दाखवायचं असतं.

घरी येताना ती माझ्याबरोबर चालली, हातही धरू दिला. मला ते जास्त लागलं. रागावली असती तर बरं झालं असतं. दुकानाशी आलो तेव्हा मी कुलूप काढलं, पाटी बंदच्या बाजूला उलटी केली, आणि म्हणालो, ये, बस, आज दुसरं कोणी नाही. ती दारातच थांबली. म्हणाली, "तू सगळ्यांना विचारतोस काय दिसतं. मी न विचारता सांगितलं होतं." एवढं बोलून ती पायरीवर बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली. खुर्चीत बसली नाही. अजूनही बसलेली नाही.

ही कामावरून आल्यावर हिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. ती म्हणाली, लाव ती सगळी रेकॉर्डिंगं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून ऐकत राहिलो. ताई, काय काय सांगितलंय पोरीने. एक कासव आहे, ते शाळेत उशिरा येतं. एक मुलगी आहे, तिला लांबची माणसं फक्त रंगांवरून ओळखू येतात, म्हणून ती लाल साडीतल्या परक्या बाईला आई म्हणून हाक मारते. त्यावरही माझं छान, छान. हिने ते ऐकून फोन बंद केला आणि म्हणाली, लाल साडीवालीचं माझ्यासमोरच झालं होतं, मी हसले होते. मग आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. भांडण झालं असतं तर निदान कोणीतरी एक बरोबर ठरलं असतं.

शाळेचं म्हणशील तर माझ्या फजितीने तिचं भलं झालं. त्या दिवशी घरी जाऊन बऱ्याच पालकांनी आपापली रेकॉर्डिंगं पहिल्यापासून ऐकली म्हणे. बसवाल्याला कळलं की त्याच्या मुलाला भागाकार येत नाही आणि ते तो कधीपासून सांगतोय. हॉटेलात रांधणाऱ्या बाईंना कळलं की मुलगी डबा खातच नाही. वर्गातल्या बाई आता रोज प्रश्नाबरोबर एवढंच लिहितात, की आज पाठवू नका, फक्त ऐका. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानापुढे ही रांग. वर्गातली सगळी पोरं, आई-बापांसकट. कोणी मला काही बोललं नाही. उलट फार आदराने वागले, आणि आदराइतकं लाजवणारं काही नसतं. मी सगळ्यांना तपासलं. आता बरं की मघाशी बरं, विचारलं. तक्ता वर-खाली, उलटसुलट करून विचारला. काउंटरच्या मागे स्टुलावर भिंगरी बसली होती आणि मी दुसऱ्यांच्या पोरांना विचारत होतो.

तर असं आहे. दाजींना नमस्कार सांग. त्यांच्या कंबरेची काळजी घे, स्वतःचीही घे. पत्र लांबलं त्याबद्दल माफ कर. आणि ज्याबद्दल खरी माफी मागायची, ती तुझ्याकडे मागून भागणार नाही हे मला कळतं.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. — बऱ्याच दिवसांत तू इकडे आली नाहीस. सहज ये. हवा चांगली आहे.

ता. क. दुसरा — हवेचं सोड. तू ये आणि भिंगरीचे डोळे तपास. इथे डॉक्टर आहेत, चांगले आहेत, आणि मीच त्यांच्याकडे लोकांना पाठवतो. माझं स्वतःचं पोर घेऊन त्यांच्या दारात उभं राहायची लाज वाटते, असं मी आधी लिहिणार होतो. ती लाज मी गिळली आणि तिला तिकडेही चल म्हणालो. ती म्हणते, आत्याकडेच. कारण आत्याने नुसता फोटो बघून विचारलं होतं. तोवर बाई तिच्यासाठी फळ्यावर मोठं लिहितात, पण तू उशीर करू नकोस. आणि येताना तुझा तक्ता आण. माझा तिला पाठ आहे.

ता. क. तिसरा — पाकीट चिकटवणार तेवढ्यात भिंगरीने विचारलं, कोणाला लिहितोस. मी स्टूल ओढलं आणि तिला सगळं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, फजितीसकट. ती चित्र रंगवत होती. मधेमधे म्हणायची, हं. मधेच, अरे वा. धरणीने पोटात घ्यावं तिथे म्हणाली, छान, छान, पुढे बोल. मी शेवटपर्यंत वाचलं. मग ती रंगाची कांडी खाली ठेवून म्हणाली, "पाच नाही, सात हत्ती होते." मी रेकॉर्डिंग लावून पुन्हा ऐकलं. सातच आहेत. वर लिहिलेले पाच खोडलेले नाहीत, तसेच ठेवलेत, म्हणजे तुला कळेल तुझा भाऊ अजून कुठवर आलाय.

ता. क. शेवटचा — तू तपासशील तेव्हा मी दुकानाबाहेर पायरीवर बसेन असं मीच ठरवलं होतं. आत्ता तिला विचारलं. म्हणाली, बाबा आत बसला तरी चालेल, पण बोलायचं नाही. मी आत बसेन, ताई. बोलणार नाही.